नुसतं ‘आवर्जून वाचा’ म्हणू नका

‘आवर्जून वाचा’, ‘चुकवू नका’ असं सांगण्यात मी अमरावतीत कुणाला हार जाणार नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’बद्दल (१९६०) तर वर्षानुवर्षं बोलत आलो. मागे अकोल्यात असाच रंगात आलो होतो. एका पोरानं विचारलं, “सर, हे पुस्तक कुठी भेटन?” माझ्या कपाटात प्रत होती. मी म्हणालो, “बघ, मिळेल कुठंतरी.”

ही आपली रसिकता! कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी घरी बोलणारा पोरगा समोर उभा, आणि आपण त्याला नुसतं नाव सांगून वाटेला लावतो. वर ‘हल्ली कुणी वाचत नाही’ हे रडगाणं आहेच. सिनेमाचंही तेच. गाडगेबाबांनी देह ठेवला आपल्या वलगावजवळ. त्यांच्यावरच्या ‘देवकीनंदन गोपाला’ला (१९७७) आपण थोर म्हणतो, पण गल्लीत पडदा बांधून चार पोरांना दाखवला कधी?

दिलेलं पुस्तक परत येत नाही, हे खरं. न येऊ दे. कपाटात जपलेलं तरी कुणाच्या कामी येतं? शिफारस करायची तर प्रत हाती द्या. देववत नसेल, तर माझ्यासकट सगळ्यांनी गप्प बसावं.