घड्याळाची इंग्रजी आणि शुद्धतेचा आग्रह

घड्याळाचे काटे जगात सर्वत्र सारखेच फिरतात. ते पाहून माणसे जे बोलतात ते मात्र सारखे नसते. लहान काटा सात आणि आठ यांच्या मधोमध व मोठा काटा सहावर आला, की लंडनचा माणूस ‘हाफ पास्ट सेव्हन’ म्हणतो आणि घरगुती बोलण्यात नुसते ‘हाफ सेव्हन’ म्हणून मोकळा होतो. आयर्लंडमध्येही हीच रीत आहे. न्यूयॉर्कचा माणूस त्याच वेळेला बहुधा ‘सेव्हन थर्टी’ म्हणतो. ‘हाफ सेव्हन’ ऐकून त्याला नेमकी वेळ उमगेलच असे नाही. पावणेआठ वाजले असता ब्रिटनमध्ये ‘क्वार्टर टू एट’ म्हणतात. अमेरिकेतही ते चालते. पण तेथील ईशान्येकडच्या राज्यांत ‘क्वार्टर ऑफ एट’ आणि दक्षिणेकडे ‘क्वार्टर टिल एट’ अशी रूपेही ऐकू येतात. सव्वासाताला एकीकडे ‘क्वार्टर पास्ट सेव्हन’, तर दुसरीकडे ‘क्वार्टर आफ्टर सेव्हन’. स्कॉटलंडमध्ये कोणी ‘द बॅक ऑफ सेव्हन’ला बोलावले, तर सात वाजून गेल्यावर थोड्याच वेळात जावयाचे असते. दक्षिण आफ्रिकेत ‘जस्ट नाऊ’ म्हणजे आत्ता नव्हे, तर काही वेळाने. त्याहून लवकर करावयाचे असेल तर ‘नाऊ नाऊ’ म्हणावे लागते.

ही सर्व माणसे इंग्रजीच बोलत आहेत, आणि त्यांपैकी कोणीही चुकीचे बोलत नाही. हे साधे सत्य आपल्या वर्गखोल्यांपर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

आपल्याकडे इंग्रजी आली ती ब्रिटिशांबरोबर. त्यामुळे ‘क्वार्टर पास्ट’, ‘हाफ पास्ट’ आणि ‘क्वार्टर टू’ हा साचा आपण शिकलो व तोच पुढच्या पिढीला शिकवीत आलो. त्यात गैर काही नाही. गैर घडते ते पुढे. एखाद्या मुलीने चित्रपटात किंवा मोबाईलवर ऐकलेले ‘क्वार्टर आफ्टर सेव्हन’ वहीत लिहिले, की त्यावर लाल फुली पडते. त्या फुलीतून तिला एवढेच कळते की इंग्रजी ही कोणा दुसऱ्याच्या मालकीची वस्तू आहे आणि आपण ती हाताळताना पदोपदी अपराधी ठरू शकतो. ज्या घरांत इंग्रजी प्रथमच शिरते आहे, त्या घरांतील मुलांच्या मनावर या धाकाचा जो परिणाम होतो, तो आपल्या वसतिगृहांतून राहून गेलेल्यांना वेगळा सांगावयास नको. मूल बोलणेच टाळू लागते.

चूक आणि भेद या दोन गोष्टी निराळ्या आहेत. साडेसाताला ‘हाफ पास्ट एट’ म्हणणे ही चूक आहे. त्याने गाडी चुकेल. ‘क्वार्टर आफ्टर’ हा केवळ प्रदेशाचा भेद आहे. चूक दुरुस्त करावी, भेद समजावून सांगावा. जो शिक्षक दोहोंवर सारखीच फुली मारतो, तो भाषा शिकवीत नाही, भाषेतील उच्चनीचता शिकवितो.

असा भेद केवळ इंग्रजीत आहे असेही नाही. इंग्रजाच्या ‘हाफ सेव्हन’चा अर्थ साडेसात, पण जर्मन माणूस त्याच घडणीचे ‘हाल्ब झीबेन’ म्हणतो तेव्हा त्याच्या घड्याळात साडेसहा वाजलेले असतात. एक झालेल्या तासात अर्धा मिळवतो, दुसरा येणाऱ्या तासाचा अर्धा भाग मोजतो. मराठी माणसाने याचे आश्चर्य मानू नये, कारण या दोन्ही रीती आपल्याच तोंडात आहेत. साडेसात म्हणजे अर्ध्यासह सात. ही झाली पहिली रीत. परंतु आपण साडेएक आणि साडेदोन म्हणत नाही; दीड आणि अडीच म्हणतो. या शब्दांची जुनी रूपे पालीत ‘दियड्ढ’ आणि ‘अड्ढतिय’ अशी आहेत. अड्ढतिय म्हणजे तिसरा अर्धा, म्हणजेच अडीच. राजगृहात जीवकाच्या आम्रवनात भगवंतांसोबत साडेबाराशे भिक्खू होते, असे सामञ्ञफलसुत्त सांगते. तेथे साडेबाराला शब्द आहे ‘अड्ढतेळस’, म्हणजे तेरावा अर्धा. जर्मन घड्याळाची रीत पालीत अशी शतकानुशतके नांदत आहे, आणि आपण रोज अडीच म्हणताना तीच वापरतो. मग कोणत्या रीतीला आपण शुद्ध म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर धम्मात फार पूर्वी दिलेले आहे. मज्झिम निकायातील 139 वे सुत्त ‘अरणविभंग’ या नावाने प्रसिद्ध आहे. कलह कशाने उत्पन्न होतो आणि कशाने टळतो, याचे विवेचन श्रावस्तीच्या जेतवनात भगवंतांनी त्यात केले आहे. तेथे दृष्टांत आहे तो एका साध्या भांड्याचा. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत पाति, पत्त, सराव, पोण अशी निरनिराळी नावे आहेत. आपल्या जनपदातील नाव तेवढे खरे आणि बाकीची खोटी, असा हट्ट धरणारा कलह वाढवितो. ज्या प्रदेशात जावे तेथील लोक या शब्दाने हीच वस्तू दर्शवितात, हे ओळखून जो बोलतो, तो कलहापासून दूर राहतो. मात्र त्याच उपदेशाची दुसरी बाजूही आहे: सर्वमान्य व्यवहाराचे उल्लंघन करू नये. प्रादेशिक शब्दाचा अभिनिवेश नको, तसाच रूढ संकेताचा अव्हेरही नको.

घड्याळाच्या इंग्रजीला ही दोन्ही वचने तंतोतंत लागू पडतात. कोणी म्हणेल की मुलांना एवढी रूपे सांगितली तर ती गोंधळतील. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. म्हणून लिहिण्यासाठी आणि परीक्षेसाठी एकच साचा पक्का करून घ्यावा, हे आम्हांस मान्य आहे. पण गोंधळ रूपे कळल्याने जितका होतो, त्याहून अधिक ती अकस्मात समोर आल्याने होतो. दूरध्वनीवरून कोणी मुलाखतीसाठी ‘क्वार्टर ऑफ एट’ची वेळ दिली आणि उमेदवाराने ती सव्वाआठ समजली, तर तो अर्ध्या तासाने उशिरा पोहोचेल. अर्ध्या तासाच्या त्या फरकात नोकरी जाऊ शकते. तारखेचेही तसेच. 6/12 हा आकडा वाचताच आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात महापरिनिर्वाण दिन उभा राहतो. अमेरिकन वाचकाला तेथे 12 जून दिसतो, कारण तो आधी महिना लिहितो.

यावर उपाय खर्चाचा नाही. पहिला: वेळ ऐकल्यावर ती आकड्यांत उलट विचारून घेण्याची सवय मुलांना लावावी. ‘म्हणजे सात पंचेचाळीस ना?’ असे नम्रपणे विचारणारा अडाणी ठरत नाही. तोच खरा व्यवहारकुशल. दुसरा: महत्त्वाची वेळ लिहिताना सकाळ-संध्याकाळचा उल्लेख करावा अथवा आपल्या रेल्वेप्रमाणे चोवीस तासांची पद्धत वापरावी, महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे. तिसरा: जे माजी विद्यार्थी परदेशी आहेत, त्यांनी आपण राहतो तेथे घड्याळ कसे ‘बोलते’ ते शाळेला कळवावे. त्याचा एक तक्ता वर्गातील भिंतीवर लावता येईल.

पालकांनाही एक विनंती. आपल्या मुलाची इंग्रजी ‘शुद्ध’ आहे की नाही, हे विचारण्याआधी तो त्या भाषेत काय सांगू पाहतो आहे, हे विचारावे. बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि 1916 मध्ये लंडनला. इंग्रजीच्या दोन निरनिराळ्या जनपदांत ते शिकले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ 1923 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी त्या भाषेत काय लिहिले, याचा आपल्याला अभिमान आहे. घड्याळाची वेळ ते न्यूयॉर्कच्या रीतीने सांगत की लंडनच्या, हे विचारण्याची गरज आपल्याला कधी वाटली नाही. तीच मोकळीक आपल्या मुलांना द्यावयास हवी.

जन्मावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या व्यवस्थेला नकार देऊन आपण या मार्गावर आलो. त्या पायऱ्या उच्चाराच्या आणि शब्दप्रयोगाच्या रूपाने आपल्याच शाळेत पुन्हा बांधल्या जाणार नाहीत, ही दक्षता घेणे आपल्या हाती आहे. लाल पेन उचलण्यापूर्वी एक क्षण थांबून, ही चूक आहे की भेद, एवढे स्वतःला विचारले तरी पुरे.