सव्वा तासाचं अंतर

लंडनहून पॅरिस किती दूर? नकाशावर सरळ दोरी धरली, तर सुमारे ३४४ किलोमीटर. विमान कंपनीचं वेळापत्रक सांगतं, सव्वा तास. युरोपच्या सहलीला निघणाऱ्या आपल्या मंडळींना हा आकडा फार मोहवतो. सकाळचा चहा लंडनला आणि दुपारचं जेवण पॅरिसला, असं म्हणण्यात मौज आहेच. पण माझी उमेदीची वर्षं बँकेत गेली. जाहिरातीतला व्याजदर आणि कर्जदाराच्या खिशातून प्रत्यक्ष जाणारी रक्कम यांतली तफावत रोज पाहिलेला माणूस आकडा दिसला, की आधी बारीक अक्षरांतल्या अटी वाचतो.

इथल्या अटी अशा. हीथ्रो विमानतळ लंडनच्या मध्यापासून सुमारे २४ किलोमीटरवर, तर शार्ल द गोल पॅरिसपासून २५ किलोमीटरवर. उड्डाणाच्या दोन तास आधी हजेरी, सामानाची तपासणी, रांगा. उतरल्यावर पासपोर्टची रांग, मग बॅगांची वाट पाहणं. दारापासून दारापर्यंत बेरीज केली, तर पाच तास सहज होतात. त्यातला हवेतला वेळ जेमतेम तासाभराचा.

गंमत पाहा. २५ ऑगस्ट १९१९ रोजी याच दोन शहरांमध्ये रोजची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा ते चिमुकलं विमान सुमारे अडीच तासांत पॅरिसजवळ उतरलं होतं. शंभर वर्षांत यंत्राचा वेग कितीतरी पटींनी वाढला. वाचलेला वेळ मात्र जमिनीवरच्या रांगांनी गिळला.

दुसरा रस्ता समुद्राखालून जातो. इंग्लिश खाडीखालचा सुमारे ५० किलोमीटरचा बोगदा १९९४ साली खुला झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोस्टार गाडी धावू लागली. तेव्हा तीन तास लागत. २००७ मध्ये इंग्लंडमधला वेगवान लोहमार्ग पूर्ण झाल्यावर सव्वादोन तासांच्या आसपास लागू लागले. कागदावर ही गाडी विमानाहून तासाभरानं मागे. पण ती भर शहरातून सुटते आणि भर शहरात पोचते. दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी लंडनच्या स्थानकातच उरकते. त्यासाठी तास-दीड तास आधी जावं लागलं, तरी एकूण हिशेबात गाडीच पुढे राहते.

फ्रान्सनं २०२३ मध्ये हाच हिशेब कायद्यात उतरवला. रेल्वेनं अडीच तासांच्या आत पोचता येतं अशा, पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लियोंला जाणाऱ्या विमानफेऱ्यांवर बंदी घातली. कारण हवेतल्या धुराचं होतं. पण प्रवाशाचंही त्यात फारसं नुकसान नाही.

विमानाशी माझं वैर नाही. मुंबईहून हीथ्रोला उतरून तिथूनच पुढचं विमान पकडायचं असेल, तर तेच सोयीचं. माझा आक्षेप आहे तो अर्धाच आकडा सांगण्याला. उरलेला आकडा भरतात ती घरातली माणसं : गुडघे धरून रांगेत उभी राहिलेली आई, पेंगुळलेलं पोर, दोन्ही हातांत बॅगा घेतलेली सूनबाई. सहल ठरवताना तिकिटावरची वेळ जरूर पाहा. पण हॉटेलच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत किती वेळ लागेल, ते त्याआधी विचारा. आपली माणसं किती दमतील, ते त्या उत्तरावरून कळतं.