साठीनंतर ब्राचा जुना नंबर का चालत नाही?

खामगाव असो वा मेहकर, काउंटरवर पुरुष दुकानदार असला की साठीतली बाई हळूच जुनाच नंबर सांगते आणि पिशवी घेऊन निघते. पण रजोनिवृत्तीनंतर स्तनांतील ग्रंथींची जागा चरबी घेते, आधार सैलावतो आणि माप बदलते.

माप घरीच घेता येते. टेप आधी स्तनांच्या खाली, मग सर्वांत भरलेल्या भागावर धरावी. पहिले माप पट्ट्याचे. ३३ आले तर नंबर ३४. दोन्हींतला फरक कपचा: १ इंच ए, २ बी, ३ सी. खांद्यावर वळ उठत असतील तर बहुधा पट्टा सैल असतो.

दुकानांनी महिला विक्रेती आणि ट्रायल रूम द्यावी. संकोचापायी दुखरे खांदे का सोसायचे?