ड्यूकच्या वाड्यात गाईचं दूध

इंग्लंडच्या डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ हाऊस म्हणजे ड्यूक ऑफ डेव्हनशायर घराण्याचा वाडा. तिथल्या एका दालनाच्या छतावर ज्युलियस सीझरचं आयुष्य रंगवलंय. माना वर करून बघतात ती मोठी माणसं. पोरांचं लक्ष बाहेरच्या हिरवळीवर.

१९७३ साली इथे मुलांसाठी गोठा उघडला. दूध पिशवीतून नव्हे, गाईच्या सडातून येतं, हे शहरी मुलांना दिसावं म्हणून. पुढे झोपाळे आले, घसरगुंड्या आल्या. अशानं वाड्याची जत्रा होते, अशी कुरकुर काही रसिक करतात. करू देत! १९५० साली दहावे ड्यूक वारले तेव्हा वारसाकर होता ८० टक्के. तो फेडायला जमिनी, चित्रं आणि हार्डविक हॉल नावाचा दुसरा वाडाही द्यावा लागला. आज छताच्या डागडुजीला हातभार लावतं ते सहकुटुंब आलेल्यांचं तिकीटच.

शिवाय बागेतलं कारंजं बघायला इतिहास यावा लागत नाही. १८४४ साली इथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टननं ते रशियाच्या झारसाठी बांधलं, झार आलाच नाही. माळावरच्या तलावातून उतारानं येणारं पाणी, ना पंप ना वीज. तरी ते नव्वद मीटरपर्यंत उडाल्याची नोंद आहे.

याच पॅक्स्टननं इथल्या काचघरात केळी पिकवली आणि मालकाच्या आडनावावरून त्या जातीला कॅव्हेंडिश म्हणू लागले. जळगावात पिकणारं ग्रँड नैन केळं त्याच कुळातलं.