कोरा नंदी मागून घ्या

हल्ली भंडाऱ्याच्या बाजारात भेटवस्तूंच्या दुकानात शिरले, की गल्ल्याजवळ एक सोनेरी मांजर बसलेली दिसते. एक पंजा वर, आणि तो सारखा हलतो आहे. दुकानदार तिला 'चायनाची मांजर' म्हणतात. मूळची ती जपानची, 'मानेकी नेको', म्हणजे बोलावणारी मांजर. उजवा पंजा वर असेल तर पैसा बोलावते आणि डावा असेल तर गिऱ्हाईक, असा तिकडचा सर्वसाधारण समज. मांजर आडवी गेली की चार पावले मागे फिरणाऱ्या आपल्या मंडळींनी तिला थेट गल्ल्यावर बसवावे, ही गंमतच! बरे, तिचा हावभाव आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. तळवा खाली, बोटे आपल्याकडे: 'इकडे ये.' जपानी माणूस असेच बोलावतो आणि आपणही. युरोप-अमेरिकेतल्या माणसाला मात्र ती टाटा करते आहे असे वाटते.

माझी भाची नोकरीनिमित्त जपानात होती. परत येताना तिने तिथल्या तोकोनामे गावाहून अशी एक मांजर आणली. हे कुंभारांचे जुने गाव, आणि या मांजरींसाठी प्रसिद्ध. पण तिची मांजर पांढरीफटक होती. नाक नाही, डोळे नाहीत. मी विचारले, "स्वस्तात मिळाली का गं?" ती म्हणाली, "नाही मामा, ही रंगवायचीच असते. तिथे कोरी मांजर पुढ्यात ठेवतात, रंग-ब्रश देतात. मी दोन रंगवल्या, ही तुमच्यासाठी ठेवली."

जपानात हा प्रकार नवा नाही. ताकासाकी गावात दारुमा नावाची गोल, लाल बाहुली बनते. तिचे डोळे कारागीर कोरेच सोडतो. घेणाऱ्याने मनात इच्छा धरून एक डोळा काढायचा आणि इच्छा पुरी झाली की दुसरा. वस्तू थोडी अपुरी ठेवून विकायची आणि घेणाऱ्याने ती पुरी करायची, यातच तिची किंमत आहे. पर्यटनस्थळी घेतलेल्या वस्तू सहा महिन्यांत माळ्यावर जातात. ही मांजर भाचीच्या टेबलावर अजून आहे, एक मिशी वाकडी असूनसुद्धा.

आता आपल्याकडे पाहा. श्रावणातल्या अमावस्येला पोळा, आणि दुसऱ्या दिवशी विदर्भात पोरासोरांचा तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत, दुसऱ्या रघूजीराजांच्या काळात तो सुरू झाला असे सांगतात. चाकांच्या पाटावर उभा लाकडी नंदी, गळ्यात दोरी, आणि ती ओढत घरोघर जाणारी मुले. ओवाळणी झाली की हातावर बोजारा पडतो. नंदी तळहाताएवढाही असतो आणि माणसाच्या उंचीचाही. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर अशा थोराड नंदींची मिरवणूक पाहायला गर्दी लोटते. ट्रॅक्टर आले, गोठे ओस पडले, पण लाकडी नंदी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही टिकून आहे.

आमच्या लहानपणी सुताराकडून नंदी यायचा तो लाकडाच्या रंगाचा. पाठीवर रंध्याच्या खुणा, वासही लाकडाचा. मग घरात भांडण: शिंगे लाल की हिरवी? झुलीवर आरसे काढायचे की फुले? डोळे काढायचा मान थोरल्याचा, कारण डोळा बिघडला की नंदी रडका दिसतो. माझ्या धाकट्या भावाने एका वर्षी नंदीला निळे ठिपके दिले. आजोबा म्हणाले, "वा! असा बैल अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नाही." आणि खरेच नव्हता.

आज पोळ्याच्या बाजारात बहुतेक नंदी ऑइलपेंट मारूनच येतात. एकसारखे पांढरे, एकसारखे चकचकीत. सजावटीच्या स्पर्धा होतात, त्यात आई रात्र जागून थर्माकोलचे शेत उभारते, वडील संदेशाचा फलक लिहितात, आणि मूल फोटोपुरते दोरी धरते. बक्षीस कुणाला मिळाले म्हणायचे? एका सुतारकाकांना विचारले, कोरे का ठेवत नाही? ते म्हणाले, "रंग मारला त पैसे देतेत जी. कोरा दिसला का लाकडाचाच भाव करतेत." दोष त्यांचा नाही. कोऱ्या वस्तूला आपणच कमी लेखतो.

भंडाऱ्याहून पाहुण्याने काय न्यावे, हाही प्रश्न यातच आहे. पितळी भांडे जड. मोहाडी-आंधळगावचा कोसा देखणा, पण महाग. चिनोर तांदूळ उत्तम, त्याला 2023 साली भौगोलिक मानांकनही मिळाले, पण तो खाल्ला की संपला. नागझिऱ्याहून परतणाऱ्यांच्या अंगावर मी वाघ छापलेले टी-शर्ट पाहतो, जे कुठल्याही जंगलाबाहेर मिळावेत. त्याऐवजी वीतभर कोरा नंदी, चार रंगांच्या डब्या आणि एक ब्रश, असा खोका मिळाला तर? सुताराचे काम पोळ्याच्या पंधरवड्यापुरते न राहता वर्षभर चालेल. कुणी म्हणेल, नंदी पूजेचा, त्याचे खेळणे काय करता? अहो, तो पोराच्या दोरीला बांधलेलाच आहे की! तोक्योच्या गोतोकुजी मंदिरातही भक्त मांजर विकत घेतात आणि इच्छा पुरी झाली की तिथेच नेऊन ठेवतात. तिथे रांगेने हजारो मांजरी बसल्या आहेत. देवाची त्याला हरकत दिसत नाही.

यंदा मी नातीसाठी कोरा नंदी सांगून ठेवला आहे. तो पोळ्याच्या आदल्या दिवशी मिळत नाही, तोवर सगळे रंगून गेलेले असतात. राखीनंतर लगेच सांगावे लागते. आणून पॉलिश पेपरने घासायचा, पांढऱ्या रंगाचा एक हात द्यायचा, रात्रभर वाळू द्यायचा, कारण कोरे लाकूड रंग पिऊन टाकते. पुढचे तिचे ती पाहील. तिने आतापासूनच सांगितले आहे, बैल जांभळा होणार.