बायकोचा जन्म कुठला?

गेल्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटून झाल्यावर नेहमीप्रमाणे ग्रीन कार्डाचा विषय निघाला. एक गृहस्थ सांगत होते, "आमची ईबी-२, प्रायॉरिटी डेट २०१६ ची. इंडियाच्या रांगेत आहोत, म्हणजे मुलगा कॉलेजात जाईपर्यंत तरी काही खरं नाही." थोड्या वेळाने गप्पा लहानपणाकडे वळल्या आणि त्यांची पत्नी सहज म्हणाली, "मला थंडी कशी सोसणार? माझा जन्मच मस्कतचा!" मी चहाचा कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. ना वकिलाने, ना नवऱ्याने.

वाचकहो, इमिग्रेशनच्या कायद्यात आपला देश ठरतो तो पासपोर्टावरून नव्हे, जन्मस्थळावरून. ओमानमध्ये जन्मलेली मुलगी भारतीय नागरिक असली, मराठी बोलत असली, तरी ह्या हिशेबात ती ओमानची. आणि पती-पत्नी एकाच वेळी इमिग्रंट होणार असतील, तर एकाला दुसऱ्याच्या जन्मदेशाच्या रांगेत उभे राहता येते. वकील मंडळी ह्याला क्रॉस-चार्जेबिलिटी म्हणतात. कुठल्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांहून अधिक व्हिसा नाहीत, हा नियम आपल्याला जाचतो. २०१६ ची तारीख घेऊन हे गृहस्थ बसले होते, तेव्हा २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये ईबी-२ च्या इंडियाच्या रकान्यात २०१२-१३ च्या तारखा चालू होत्या. बाकी जगाच्या रकान्यात २०२३ च्या आसपासच्या. म्हणजे ज्या दारावर हे कुटुंब थांबले होते, त्याच्या शेजारचे दार त्यांच्यासाठी केव्हाच उघडे होते.

हाच नियम लॉटरीलाही लागू आहे. १९९० च्या कायद्याने आलेली डायव्हर्सिटी व्हिसाची लॉटरी १९९५ पासून सुरू झाली आणि भारत तिच्यात कधीच नव्हता, कारण आपल्याकडून इतर मार्गांनी येणारेच खूप. पूर्वी लोक साध्या कागदावर अर्ज लिहून पाकिटे पाठवत. २००३ पासून ते काम संगणकावर गेले. भारतात जन्मलेल्या माणसाची बायको नैरोबीत, काठमांडूत किंवा कुवेतमध्ये जन्मलेली असेल आणि तो देश त्या वर्षीच्या यादीत असेल, तर तिच्या जन्मदेशावर त्यालाही अर्ज करता येई. दोघांनी आपापला वेगळा अर्ज केला तर संधी दोन. मात्र एकाच माणसाने दोन अर्ज केले की तो बाद. बायको-मुलांची नावे अर्जात गाळली तरी बाद. आणि नंबर लागला म्हणजे व्हिसा मिळाला असे नाही. निवडलेले लोक व्हिसांपेक्षा बरेच जास्त असतात, आणि ३० सप्टेंबरला सरकारी वर्ष संपले की उरलेल्यांच्या हाती काही नाही. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने हा कार्यक्रम थांबवत असल्याचे जाहीर केले. तेव्हा लॉटरीच्या भरवशावर कोणी बेत आखू नये, आणि "तुमचा नंबर लागला, पैसे पाठवा" अशा पत्राला तर अजिबात भुलू नये. नोकरीच्या रांगेतला हा नियम मात्र लॉटरीवर अवलंबून नाही. मला काळजी आहे ती त्याचीच.

आपल्या घरांतल्या एका खास अडचणीबद्दलही सांगायला हवे. त्या मस्कतच्या बाईंची थोरली बहीणही अमेरिकेतच आहे, पण तिचा जन्म साताऱ्याचा. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत! आई-वडील तेव्हाही मस्कतलाच राहत होते, पण त्याचा उपयोग नाही. आई-वडिलांचा जन्मदेश लावून घेण्याची एक सवलत कायद्यात आहे, पण इथे ते दोघेही भारतातच जन्मलेले. एकाच घरातल्या दोन बहिणी, आणि एकीचा नवरा दहा वर्षे मागे. आणखी एक गैरसमज: मुलाच्या जन्माचा फायदा आई-वडिलांना होत नाही. मुलाला त्यांचा देश लावता येतो, त्यांना मुलाचा नाही.

आता थोडे कडू बोलतो. आपल्याकडे 'माझी केस' म्हणजे नवऱ्याची केस. बायको एच-४ वर, फॉर्मवर डिपेंडंट. ती सही करते आणि फोटो काढून देते. तिच्या जन्माचे गाव फॉर्मच्या रकान्यात लिहिलेले असते, पण त्याचा अर्थ कोणी लावत नाही. कंपनीचा वकील कंपनीचा असतो. त्याने विचारले नाही म्हणून तो प्रश्नच नाही, असे समजू नये. कुंडली जुळवताना जन्मस्थळ आणि वेळ मिनिटापर्यंत पाहणारे आपण, इथे मात्र विसरतो! उलटही तितकेच खरे. केस बायकोची असेल आणि नवरा दार-ए-सलामचा असेल, तरी नियम तोच.

ज्यांना हे लागू पडते त्यांनी स्वतःच्या वकिलाला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे. जन्मदाखला आधी शोधावा, कारण आखातातून तो परत मिळवायला वेळ लागतो. शेवटचा अर्ज दोघांचा बरोबर जायला हवा. आणि ह्यासाठी कोणी लग्न जमवून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. खोट्या लग्नाने सगळेच दरवाजे कायमचे बंद होतात.

संक्रांतीच्या त्या जोडप्याचा दाखला पुण्याला बाईंच्या आईच्या कपाटात, जुन्या रेशनकार्डाच्या पिशवीत सापडला. तो अरबीत आहे. भाषांतर करून घेण्याचे काम चालू आहे.