विश्लेषण : मुरूम गेले, खड्डे का राहिले?

आंब्याचा चीक उडाला की कातडी भाजते आणि काळा डाग पडतो, हे जामसंडे-देवगड पट्ट्यात कुणाला सांगावे लागत नाही. हा डाग बहुधा काही महिन्यांत फिका होतो, हेही इथले लोक जाणतात. चेहऱ्यावरच्या मुरुमांच्या खुणांबाबत मात्र हे शहाणपण विसरले जाते. डाग आणि खड्डा एकच समजून दोन्हींवर एकच ट्यूब चोळली जाते. नुकसान इथूनच सुरू होते.

डाग वेगळा, खड्डा वेगळा

मुरूम बसल्यावर राहणारा काळपट डाग म्हणजे त्या जागी वाढलेले मेलॅनिन हे रंगद्रव्य. त्वचेची पातळी तशीच असते. सावळ्या त्वचेत असे डाग अधिक गडद दिसतात, पण ऊन टाळले आणि सनस्क्रीन लावले तर ते हळूहळू फिके होतात.

खड्डा हा खरा व्रण. तेलग्रंथीचे छिद्र बुजते, आत जिवाणू वाढतात, सूज येते. ती खोलवर गेली की त्वचेला आधार देणारे कोलॅजन नष्ट होते. शरीराने केलेली दुरुस्ती कमी पडली तर खड्डा राहतो. ती गरजेपेक्षा जास्त झाली तर उंचवटा येतो. छाती, खांदे, जबड्याच्या कडेला असे उंचवटे जास्त दिसतात. मुरूम फोडणे म्हणजे ही सूज आणखी आत ढकलणे.

ओळखायचे कसे? आरशासमोर बाजूने उजेड घ्या. त्वचेवर सावली पडली तर खड्डा, नुसता रंग दिसला तर डाग.

कोणत्या व्रणाला कोणता उपाय?

सुईने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यात डॉक्टर तीव्र टीसीए आम्लाचा थेंब सोडतात. लाटांसारख्या पसरट खड्ड्यांत त्वचा खालून ओढलेली असते. ते धागे सुईने मोकळे करतात, त्याला सबसिजन म्हणतात. उभ्या कडांच्या खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग किंवा फ्रॅक्शनल लेझर वापरतात. उंचवट्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. बहुतेकदा महिनाभराच्या अंतराने अनेक बैठका लागतात. खड्डे उथळ होतात, पूर्ण पुसले जात नाहीत. ‘एका बैठकीत गुळगुळीत चेहरा’ अशी जाहिरात दिसली तर सावध व्हावे. भारतीय त्वचेवर चुकीच्या तीव्रतेचा लेझर नवे काळे डाग देऊ शकतो.

दुकानातली ट्यूब का नको?

‘गोरेपणाची’ म्हणून मिळणाऱ्या काही मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन ही स्टिरॉइड असतात. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाली येते, लव वाढते आणि स्टिरॉइडमुळेच नवे मुरूम उठतात. ट्यूब थांबवली की त्रास उसळतो, म्हणून ती पुन्हा लावली जाते. २०१८ मध्ये केंद्राने अशा अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. नियम कागदावर आहे, काउंटरवर तो किती पाळला जातो हे अन्न व औषध प्रशासनाने तपासायला हवे. घरगुती उपायही निरुपद्रवी नसतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून डाग वाढू शकतात.

खरा उपचार आधीच

खड्डा भरणे महाग आणि अपुरे. तो पडू न देणे स्वस्त. ॲडापलीन, बेंझॉइल पेरॉक्साइड यांसारखी लावायची औषधे वेळेत सुरू झाली तर बऱ्याच मुलांचे व्रण टळतात. गाठींच्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. गरोदरपणात ते पूर्ण वर्ज्य, कारण गर्भात व्यंग येऊ शकते. ‘वय झालं की जातील’ हा घरातला सल्ला अर्धाच खरा. मुरूम जातात, खड्डे जात नाहीत.

पण वेळेत दाखवायचे कुठे? ओरोसला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मात्र जामसंड्याहून तिथे जाऊन येण्यात दिवस मोडतो. बारावीचा क्लास किंवा रोजची मजुरी बुडवून चेहऱ्यासाठी कोण जाईल? म्हणून देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी त्वचारोगतज्ज्ञ बसवणे ही रास्त मागणी आहे. तोवर ई-संजीवनी या सरकारी मोफत दूरसल्ला सेवेचा उपयोग करता येईल. फोटोवरून प्राथमिक अंदाज येऊ शकेल अशा आजारांत मुरूम मोडतात.

चेहऱ्याची काळजी म्हणजे नटवेपणा, हा समज सोडायला हवा. खड्ड्यांनी भरलेला चेहरा घेऊन मुलाखतीला जाणाऱ्या, स्थळ बघायला येणाऱ्यांसमोर बसणाऱ्या मुलामुलींना त्याची किंमत ठाऊक असते. मुरूम हा आजार आहे. दुखरी गाठ दिसताच डॉक्टरांकडे जावे, खड्डा पडण्याची वाट पाहू नये.